बल्लारशातलं तंजावरचं गाणं

लग्न झाल्यावर मी बल्लारशाला राहायला आले. माहेर वडशाचं. छोट्या लाईनची गाडी नागभीडला बराच वेळ उभी राहायची, मग जंगलातून रमतगमत चांद्याला यायची. चांद्याहून बल्लारशा अगदी जवळ, पण मला वाटलं, आपण दुसऱ्याच मुलखात आलो. वडशाच्या बाजारात सगळे आपल्यासारखं बोलायचे. इथे नळावर तेलुगू, स्टेशनात हिंदी, आणि आमच्या परसाच्या भिंतीपलीकडे मद्रासी.

हे सरकारी लाकूड डेपोत कारकून होते. सकाळी जेवून गेले की संध्याकाळीच यायचे. घरात सासू-सासरे नव्हते, म्हणून दुपार मोठी वाटायची. भिंतीपलीकडे रेल्वेच्या एका गार्डाचं क्वार्टर होतं. गार्डसाहेब काझीपेटच्या बाजूला मालगाडी घेऊन जायचे आणि कधी दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी परतायचे. त्यांची बायको घरी एकटी असायची. माझ्याहून चांगली मोठी, मूलबाळ नव्हतं. सगळे तिला मद्रासी बाई म्हणायचे. दुपारी भांडी घासून झाली की ती कसलं तरी वाद्य वाजवायची. सतारीसारखं, पण सतारीहून जड आवाजाचं. माझे वडील वडशाला नाटकांच्या तालमीत पेटी वाजवायचे, त्यामुळे सुरांची मला सवय होती. तरी हे सूर मला धरता येत नव्हते. एक सूर निघायचा आणि जागेवर थांबायचाच नाही, झोके घ्यायचा.

चांद्याचा उन्हाळा ज्यानं काढला त्यालाच माहीत. त्या पहिल्याच उन्हाळ्यात वाद्य एकदम बंद झालं. चार-पाच दिवस मी वाट पाहिली, मग भिंतीवरून डोकावले. बाई परसात दगडावर बसली होती, तोंड उतरलेलं.

"काऊन जी बाई, आजकाल वाजवून नाई राह्यल्या?"

तिला माझं बोलणं किती समजलं कोण जाणे, पण हाताने वाजवायची खूण केली ती समजली. तिने मला आत बोलावलं. खिडक्यांना ओली गोणपाटं लावलेली होती. अंधाऱ्या खोलीत चटईवर वीणा आडवी ठेवलेली. दांडीवर दोन्ही बाजूंनी काळ्या मेणाचे कठडे असतात आणि त्यांत सुरांचे पितळी पडदे रोवलेले असतात, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आमच्याकडच्या उन्हाने ते मेण ओघळलं होतं. पडदे तिरपे झाले होते, दोन निखळून चटईवर पडले होते.

"मेळुगु," ती म्हणाली. मी नुसती पाहत राहिले. मग तिने तेलुगूत सांगून पाहिलं, "मैनम."

"मेण!" मी म्हटलं.

आमच्या दोघींमधला हा पहिला शब्द. ती हसली.

तंजावरच्या बाजूला हे पडदे बसवणारे कारागीर असतात. वीणा तिकडे पाठवायची तर गाडीत आदळआपट होणार, आणि परत येताना पुन्हा हाच उन्हाळा. मी यांना सांगितलं. जंगलातून माडिया-गोंड लोक मध, चारोळी, मेण घेऊन आठवडी बाजाराला येत. यांनी तिथून चांगलं पिवळं मेण आणलं. पण बाईने ते लगेच वापरलं नाही. पाऊस लागून हवा गार होईपर्यंत फडक्यात बांधून ठेवलं. मग एका सकाळी तिने मेण वितळवलं, त्यात राळ आणि दिव्याची काजळी घातली, आणि आम्ही दोघी बसलो. ती तार छेडायची, पडदा केसभर सरकवायची, पुन्हा छेडायची. मी तापवलेली सुरी तिच्या हातात द्यायची आणि वीणा हलू नये म्हणून धरून ठेवायची. पहिल्या खेपेला सगळं बिघडलं. मेण मऊ राहिलं, पडदे बोटाखाली डगडगायला लागले. तिने सगळं खरवडून काढलं आणि राळ वाढवून पुन्हा केलं. दुसऱ्या खेपेला सूर लागले. तेवढ्या दिवसांत मीही तिच्या घरची झाले. मी तिला अक्का म्हणायला लागले.

शिकायचं मी मागितलं नव्हतं. पडदे लावताना मी सूर गुणगुणत होते, ते तिने ऐकलं होतं. म्हणाली, "उद्या ये. अंघोळ करून ये." तेव्हापासून मी दुपारी जायला लागले. वीणा माझ्या बोटांना काही वळली नाही, म्हणून गाणंच शिकले. मला वाटलं होतं, पेटीवरचं येतं तर हेही येईल. मी सा-रे-ग-म सरळ म्हटलं की अक्का हात वर करून थांबवायची. "ये रेल का पटरी नहीं," ती म्हणायची. "ये नदी." माझा गंधार पायरीसारखा जागेवर उभा राहायचा, तिचा वरखाली हलून मग बसायचा. माझ्याने ते होईना. मी घरी चुलीपुढे बसून गंधार हलवायची, आणि हे विचारायचे, "गळा दुखून राह्यला काय?"

अक्का बाजारात जाऊन जाऊन मराठी शिकली. म्हणजे आमची मराठी. कानात हिऱ्याच्या कुड्या, डोक्यात जाईचा गजरा, आणि तोंडात "मले नाई पायजे", "काऊन जी, वांगे कसे दिले?" माझ्या माहेरची माणसं आली की तिचं बोलणं ऐकून खुश व्हायची.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात, नवरात्राच्या आधी, अक्काने एक जुनं गाणं घोळायला घेतलं. त्या लोकांकडे नवरात्रात लाकडी पायऱ्या लावून बाहुल्या मांडतात, ओळखीच्या बायका हळदीकुंकवाला येतात आणि प्रत्येकीने देवीपुढे काहीतरी म्हणायचं असतं. अक्काच्या घरी पूर्वीपासून हेच गाणं म्हणत. राग सावेरी. मी तिच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून माहेरून आलेले तांदूळ निवडत होते आणि ती वीणेशिवाय, मांडीवर ताल धरून म्हणत होती:

"सके तीर तरवेना के..."

तिने ओळ पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या तऱ्हेने म्हटली, तशी त्या गाण्यांची रीतच असते. तिसऱ्या-चौथ्यांदा माझा हात थांबला. तरवेना. करवेना, बघवेना, चालवेना. असं कोण बोलतं?

"अक्का, हे कोन्या भाषेतलं हाय?"

"संस्कृतम," ती म्हणाली आणि पुढे म्हणायला लागली.

"नाई अक्का. हे मराठी हाय."

ती मोठ्याने हसली. "मराठी मले मालूम नाई का? मराठी म्हंजे वांगे कसे दिले. हे देवीचं गाणं हाय."

मी हट्टच धरला. तिला म्हटलं, एकेक शब्द सावकाश सांगा, गाऊ नका. तिने सांगितले. तमिळमध्ये ख, ग, घ, ठ, ध, भ अशी वेगळी अक्षरं नाहीत, हे मला तोवर कळलं होतं, कारण अक्का माझ्या मामेबहिणीच्या नावातला भ कधीच उच्चारू शकली नव्हती. सके म्हणजे सखे. के म्हणजे गे. आई पोथी वाचायची तिच्यात गे असायचंच. सखे, तीर तरवेना गे. नदीचा काठ गाठता येत नाही. मला मोठा आनंद झाला. मी अक्काला अर्थ सांगितला. तिने ऐकून घेतलं, पण तिचा विश्वास बसला नाही. मद्रासेकडच्या गाण्यात मराठी कुठून येणार?

संध्याकाळी मी यांना विचारलं. हे कपडे बदलता बदलता म्हणाले, "तंजावरले मराठे राजे होते ना. शाळेत शिकवलं होतं. पावनेदोनशे वर्षं राज्य केलं तिथी." इतकं सहज म्हणाले, जणू लाकडाचा भाव सांगत होते. दुसऱ्या दिवशी मी अक्काला हे सांगितलं. तंजावरात मराठी राजवाडा आहे हे तिला माहीत होतं. लहानपणी तिने तो बाहेरून पाहिलाही होता. पण राजवाडा आणि हे गाणं यांची गाठ तिने कधी घातली नव्हती.

मग आम्ही पुढच्या ओळीला लागलो. "ओटी काजळ लागले कैसे." मला वाटलं, हे तर सोपं आहे. देवीची ओटी, देवीचं काजळ. अक्कालाही पटलं, गाणं देवीचं असल्याचा तिला पुरावाच मिळाला. पण पहिल्या ओळीतली नदी आणि दुसरीतली ओटी यांचा मेळ बसेना, आणि "लागले कैसे" असं देवीला कोण विचारील? दोन दिवस आम्ही तिथेच अडकलो होतो. शेवटी मी विचारलं, "अक्का, तुमाले हे कोनं शिकवलं? त्यानं काही अर्थ सांगितला नाई?"

"मावशीनं शिकवलं. अर्थ तिले पण नाई मालूम."

मग ती उठली, पुढच्या दाराला कडी घातली, खिडकी लावली. मला कळेना, काय चाललंय. तिने पदर कमरेला खोचला, माझ्यासमोर उभी राहिली आणि ती ओळ हळू आवाजात म्हणायला लागली. पण आता तिचे हात गात होते. "तीर" म्हणताना तिने छातीशी मूठ घट्ट धरली, आणि "तरवेना" म्हणताना ती मूठ सैल होत होत सुटली. बोटं उघडली आणि हात खाली पडला. पुन्हा तेच. पुन्हा मूठ, पुन्हा सुटणं.

नदी दाखवायची असती तर हात लाटांसारखा हलला असता, एवढं मलाही कळत होतं.

"धीर!" मी म्हटलं. "तीर नाई. धीर धरवेना. सखे, धीर धरवेना गे."

"धीर क्या?"

तिला धीर समजावायला मला बराच वेळ लागला. समजल्यावर तिने पुन्हा ती मूठ करून पाहिली आणि तिच्याकडे पाहतच राहिली. मग पुढची ओळ. "ओटी" म्हणताना तिचं बोट ओटीपोटाकडे गेलं नाही, पदराकडेही नाही. बोट ओठांवर गेलं. "काजळ" म्हणताना डोळ्याकडे.

ओठी काजळ लागले कैसे. ओठांवर काजळ लागलं कसं. मला आधी हसू आलं, आणि मग कानशिलं तापली. रात्रभर वाट पाहायला लावून नवरा सकाळी घरी आला आहे, आणि त्याच्या ओठांना काजळ लागलं आहे. आता ते कुणाच्या डोळ्यांचं, हे सांगायची गरज नव्हती.

"अक्का," मी म्हटलं, "हे देवीचं गाणं नाई."

अर्थ सांगितला तेव्हा ती खाली बसली. पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते आहे. पण ती हसत होती. हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिच्या घरी किती पिढ्या नवरात्रात हात जोडून हे गाणं म्हटलं गेलं होतं.

त्या दुपारी तिने मला मावशीविषयी सांगितलं. मावशी देवळात आणि बड्या लोकांच्या घरी नाचायची. घराण्याचाच तो धंदा होता, आईकडून मुलीकडे आलेला. पुढे लोक नावं ठेवायला लागले, मग कायदा होऊन देवळातला नाच बंद झाला. मावशीने घुंगरू विहिरीत टाकले नाहीत, विकले नाहीत. फक्त दार लावून अक्काला शिकवत राहिली. अक्काचं लग्न झालं ते एका अटीवर: वीणा चालेल, नाच नाही. क्वार्टरातल्या लोकांना यातलं काही माहीत नव्हतं. "तू बोलू नको," ती म्हणाली. मी बोलले नाही. यांनाही सांगितलं नाही.

त्यानंतर रोज दुपारी दार लावून आम्ही त्या गाण्यावर बसायचो. ती हात करून दाखवायची, मी शब्द ओळखायची. जिथे माझं चुकायचं तिथे तिचे हात सांगायचे. अशात एके दुपारी दार वाजलं. मालगाडी रद्द झाली होती आणि गार्डसाहेब लवकर परत आले होते. अक्काने कडी काढली, पण पदर कमरेला खोचलेलाच होता आणि ती घामाघूम झाली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. हातातली लोखंडी पेटी खाली ठेवली. तमिळमध्ये एकच वाक्य बोलले, मोठ्याने नाही. अक्का आत गेली. मी चप्पल पायात घालून घरी आले.

बरेच दिवस भिंतीपलीकडून ना वीणा, ना गाणं. नळावर अक्का भेटली तर मान खाली घालून घागर उचलायची. मला काय करावं समजेना. यांना सगळं सांगावं लागलं. हे म्हणाले, "त्याईच्या घरातली गोष्ट हाय. आपन काय बोलावं?"

मग एका संध्याकाळी गार्डसाहेब स्वतःच आमच्याकडे आले. ड्युटीचे कपडे नव्हते, पांढरी लुंगी नेसून आले होते. यांच्याशी इकडचं तिकडचं बोलले. मी चहा ठेवला, तेव्हा माझ्याकडे न बघता हिंदीत म्हणाले, "बाई, उस गाने में क्या है?"

मी गोंधळले. परक्या पुरुषाला ओठ आणि काजळ कसं सांगायचं? मी यांच्याकडे पाहत कसंबसं सांगितलं. ते ऐकत होते. मग कप खाली ठेवून वडिलांविषयी सांगू लागले.

त्यांचे वडील नाच शिकवणारे होते. हातात टाळ घेऊन बोल म्हणायचे आणि मुलींना नाचवायचे. अक्काच्या मावशीला त्यांनीच शिकवलं होतं. "या गाण्यावर त्यांनी जन्मभर टाळ धरला," गार्डसाहेब म्हणाले, "आणि देवीचं समजून डोळे मिटून धरला." ते हसले नाहीत. तुझा बाप काय करतो, असं शाळेत विचारायचे. त्या प्रश्नापासून लांब जायचं म्हणून ते रेल्वेत आले होते, आणि मागता येईल तेवढं लांबचं ठिकाण मागितलं होतं. बल्लारशात त्यांना कुणी ते विचारत नव्हतं. इथे ते नुसते गार्डसाहेब होते.

जाताना दारात उभे राहून म्हणाले, "उठून नाचणं नको. लोक बोलतील. बसून हात केले तर तो नाच नाही. ते गाणंच."

ही त्यांनी स्वतःच काढलेली पळवाट म्हणावी, की तिकडे खरंच अशी रीत आहे, ते मला तेव्हा कळलं नाही. नंतर अक्काने सांगितलं की आहे. तिची आजी म्हातारी झाल्यावर जागेवर बसूनच सगळं दाखवायची.

दुसऱ्या दिवसापासून गार्डसाहेब घरी असले की तेही बसायचे. अक्काला गाण्याची शेवटची ओळ अर्धीच येत होती. त्यांना ती वडिलांच्या तोंडून ऐकलेली पूर्ण येत होती. "मज नको त्या कोटी." मी आणि हे या ओळीवरून भांडलो. यांचं म्हणणं, खोटी. मी म्हटलं, "गोठी. आपन नाई का म्हनत, गोठ सांगतो म्हनून? नको त्या गोठी, म्हंजे नको तुह्या थापा." हे म्हणाले, राजाच्या दरबारात आपल्या झाडीपट्टीतली बोली कशी जाईल? मी म्हटलं, जुनी मराठी आपल्याकडेच राहिली असेल. हातावरून काही ठरेना. दोन्हींना तोच हात चालत होता. अक्काने माझ्या बाजूने कौल दिला. मी जवळची होते म्हणून दिला असेल.

नवरात्र आलं. अक्काच्या बाहेरच्या खोलीत पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या होत्या. स्टेशनातल्या तमिळ बायका आल्या, तेलुगू बायका आल्या, आणि त्या वर्षी माझ्यामुळे डेपोच्या बाजूच्या आमच्या सात-आठ बायकाही आल्या. त्या एका कोपऱ्यात अंग चोरून बसल्या. इथे काय बोलायचं, कुठे बघायचं, त्यांना समजेना. दुसऱ्यांनी गाणी म्हटली तेव्हा त्यांनी देवळात बसल्यासारखे चेहरे केले होते. मग अक्काची पाळी आली. तिने बसूनच सुरुवात केली. हालचाल अगदी लहान, हात मांडीच्या वर थोडेसेच उचललेले. मी मागे बसून तिच्यासोबत गात होते. पहिल्या ओळीलाच आमच्या बायकांच्या माना वर झाल्या. एकीने दुसरीला कोपराने ढोसलं. "मराठी व्हय व."

आणि "ओठी काजळ लागले कैसे" आलं. अक्काने बोट ओठांवर ठेवलं, मग भुवई जराशी उचलून समोर पाहिलं, जसं दारात आलेल्या नवऱ्याकडे पाहावं. आमच्या कोपऱ्यात हशा पिकला. डेपोच्या चौकीदाराची बायको मोठ्यानेच म्हणाली, "आता सांग म्हना, कुठी होतास रातभर!"

अक्का दचकली. तिच्या उभ्या जन्मात या गाण्याला कुणी हसलं नव्हतं. पण ती चुकली नाही, कारण त्या जागी गाण्यात थांबा होता. हात हवेत तसाच, ताल चालू, शब्द नाही. हशा ओसरला आणि बरोबर तिथे पुढचा शब्द आला. आतल्या खोलीत गार्डसाहेब उभे होते. नंतर ते म्हणाले, वडील त्या जागी टाळ हलका करायचे आणि मुलींना दटावायचे, इथे घाई करायची नाही. का, ते त्यांनाही माहीत नव्हतं. ती जागा हसणाऱ्यांसाठी ठेवलेली होती. हसणारे गेले, जागा तशीच राहिली.

सगळं गोडीगुलाबीने झालं असं नाही. गाण्याचा अर्थ फिरत फिरत तमिळ बायकांपर्यंत गेला. देवीपुढे असलं म्हटलं म्हणून एक-दोघी रागावल्या. हात कुठे शिकली, अशी कुजबुजही झाली, आणि दिवाळीला अक्काकडे नेहमीच्या काही जणी आल्या नाहीत. अक्काला ते लागलं. गार्डसाहेबांना अधिक लागेल असं वाटलं होतं, पण ते म्हणाले, "बोलून झालं त्यांचं. आता काय राहिलं?" आणि अक्काने तेलुगू किराणा दुकानदाराच्या दोन मुलींना शिकवायला घेतलं, तेव्हा त्यांनी हरकत घेतली नाही. त्या मुली उभ्या राहून शिकल्या. अक्का बसून शिकवायची आणि गार्डसाहेब लाकडाच्या ठोकळ्यावर काठीने ताल द्यायचे. तो ठोकळा यांनी डेपोतून सागाचा आणून दिला होता. मी मुलींचे मराठी उच्चार पाहायची. त्यांचा ध आणि भ चांगला होता, फक्त ळ वाजवीपेक्षा जास्त घोळायचा.

मग त्यांची बदली तिकडे तेलुगू मुलखात, बेजवाड्याला झाली. रेल्वेच्या माणसाची ती होणारच. वीणा माझ्या आईने शिवलेल्या गोधडीत गुंडाळून गार्डच्या डब्यातून गेली. स्टेशनवर अक्का माझ्या हाताला धरून उभी होती. "गंधार हलव," ती म्हणाली. "रोज हलव." मी हलवत राहिले, पण तिच्यासारखा तो कधीच झाला नाही.

पुढे काही वर्षांनी यांना डेपोच्या कामासाठी बेजवाड्याला जायचं होतं, तेव्हा मीही सोबत गेले. अक्काचे केस पिकले होते. घरात सात-आठ मुली शिकायला येत होत्या. मला वाटलं, आता बसून सुखदुःखाचं बोलू. पण तिने मला हातपायही धुऊ दिले नाहीत. तंजावरहून एक म्हातारे गुरुजी तिच्याकडे येऊन गेले होते, त्यांच्याकडून तिला आणखी एक गाणं मिळालं होतं. अर्थ कुणालाच लागत नव्हता. त्यात मधेच एक "वेना" होतं म्हणून ती माझी वाट पाहत होती.

"बस," ती म्हणाली. "ऐक."

आम्ही चटईवर बसलो. ती एकेक शब्द सावकाश सांगत होती आणि हाताने दाखवत होती. हे दोनदा आत डोकावून गेले. दीड ओळ लागली होती, बाकीचं तसंच होतं. गाडीची वेळ झाली म्हणून मला उठावं लागलं.